पुन्हा वापरण्याजोगी उत्तरं: एंटरप्राइझ आर्किटेक्चरमधल्या पॅटर्नचा आढावा

१ एप्रिल २०१९ रोजी विजया बँक आणि देना बँक या दोन बँका बँक ऑफ बडोदात विलीन झाल्या. तिन्ही बँकांचं कोअर बँकिंग फिनॅकल या एकाच उत्पादनावर चालत होतं. तरीही दोन्ही बँकांच्या सगळ्या शाखा एका प्रणालीत सामावल्या जाईपर्यंत डिसेंबर २०२० उजाडला. मधल्या काळात कोविडची टाळेबंदी आली हे खरं. पण ती नसती तरी हे काम सोपं नव्हतं. उत्पादनाचं नाव एक असलं तरी त्याची आवृत्ती, त्यात करून घेतलेले फेरफार, त्याच्या भोवतीची कर्ज, कार्ड, एटीएम, ट्रेझरी आणि नियामक अहवालांची अ‍ॅप्लिकेशन्स, आणि या सगळ्यांमधली माहितीची देवाणघेवाण प्रत्येक संस्थेत निराळी असते.

कोणतं अ‍ॅप्लिकेशन ठेवायचं, कोणतं बंद करायचं, कोणत्या क्रमानं, आणि एक बंद केलं तर कोणकोणत्या शाखांचं काम अडेल, हे प्रश्न विलीनीकरण करणाऱ्या प्रत्येक संस्थेला पडतात. विलीनीकरण नसलं तरी पंधरा-वीस वर्षं संगणकीकरण करत आलेल्या कोणत्याही मोठ्या कंपनीला किंवा सरकारी खात्याला ते पडतातच. या प्रश्नांची पद्धतशीर हाताळणी म्हणजे एंटरप्राइझ आर्किटेक्चर मॅनेजमेंट. एकाच प्रकारचा प्रश्न शेकडो संस्थांना पडत असेल तर प्रत्येकीनं उत्तर पहिल्यापासून शोधायचं का? पॅटर्नचा पुरस्कार करणारे म्हणतात, नाही. कसाला उतरलेली उत्तरं त्यांच्या अटींसह लिहून ठेवता येतात आणि पुन्हा वापरता येतात. या म्हणण्याचा उगम कुठे आहे, त्यावर कोणकोणत्या भूमिका आहेत आणि काय अजून सुटलेलं नाही, याचा हा आढावा.

पार्श्वभूमी: दोन प्रवाह

पॅटर्नची कल्पना संगणकशास्त्रात जन्मली नाही. ती ख्रिस्तोफर अलेक्झांडर या वास्तुरचनाकाराची. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला अलेक्झांडर गुजरातमधल्या बावरा या खेड्यात राहून गेले होते. १९६४ साली आलेल्या ‘नोट्स ऑन द सिंथेसिस ऑफ फॉर्म’ या त्यांच्या पुस्तकाच्या परिशिष्टात एका भारतीय खेड्याच्या १४१ गरजांची यादी आहे. कोणती गरज दुसऱ्या कोणत्या गरजेशी अडकलेली आहे हे पाहून त्यांनी त्यांचे गट पाडले. एकमेकींशी घट्ट बांधलेल्या गरजांचा एक गट, आणि त्या गटाला पुरं पडणारी एक रचना, अशी ही मांडणी. पुढच्या पॅटर्नचं बीज इथे दिसतं.

१९७७ साली सहकाऱ्यांसह लिहिलेल्या ‘अ पॅटर्न लँग्वेज’मध्ये त्यांनी २५३ पॅटर्न मांडले. प्रदेशाच्या रचनेपासून खिडकीजवळच्या बसायच्या जागेपर्यंत त्यांचा आवाका होता. प्रत्येक पॅटर्नमध्ये परिस्थिती, त्या परिस्थितीत एकमेकांविरुद्ध ओढणारे ताण, आणि त्या ताणांचा तोल साधणारं उत्तर असे भाग होते. प्रत्येक पॅटर्न आपल्याहून मोठ्या आणि आपल्याहून लहान पॅटर्नशी जोडलेला होता. शीर्षकात ‘भाषा’ हा शब्द आहे तो या जोडणीमुळे. पुढे सॉफ्टवेअरवाल्यांनी पॅटर्नचा साचा मनापासून उचलला; जोडणी मात्र बरीचशी मागे राहिली.

१९८७ साली केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम यांनी ही कल्पना ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगमध्ये आणली. १९९४ साली एरिक गामा, रिचर्ड हेल्म, राल्फ जॉन्सन आणि जॉन व्लिसिडीज यांचं २३ पॅटर्नचं पुस्तक आलं. ‘गँग ऑफ फोर’ या नावानं ते आजही अभियांत्रिकीच्या वर्गात शिकवलं जातं. त्यानंतर पॅटर्नची पातळी चढत गेली. मार्टिन फाउलर यांनी २००२ साली एंटरप्राइझ अ‍ॅप्लिकेशन्सच्या रचनेचे पॅटर्न मांडले. ग्रेगोर होप आणि बॉबी वूल्फ यांनी २००३ साली वेगवेगळी अ‍ॅप्लिकेशन्स संदेशांद्वारे जोडण्याचे ६५ पॅटर्न लिहिले. प्रोग्रॅममधल्या क्लासपासून अ‍ॅप्लिकेशनपर्यंत आणि अ‍ॅप्लिकेशनपासून अनेक अ‍ॅप्लिकेशन्सच्या जोडणीपर्यंत आलेल्या या प्रवाहाची पुढची पायरी म्हणजे संपूर्ण संस्था.

दुसरा प्रवाह एंटरप्राइझ आर्किटेक्चरचा स्वतःचा. तोही १९८७ पासूनच मोजला जातो. त्या वर्षी जॉन झॅकमन यांनी ‘आयबीएम सिस्टम्स जर्नल’मध्ये माहिती प्रणालींच्या आर्किटेक्चरसाठी एक चौकट मांडली. माहिती, कार्य आणि जाळं असे तीन स्तंभ तिच्यात होते; १९९२ साली जॉन सोवा यांच्यासह लिहिलेल्या लेखात ते सहा झाले. १९९५ साली द ओपन ग्रुपनं अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या एका जुन्या चौकटीवर आधारून टोगॅफ प्रसिद्ध केलं. २०२२ साली त्याची दहावी आवृत्ती आली. आज नोकरीच्या जाहिरातींत आणि प्रमाणपत्रांत सर्वाधिक आढळणारं नाव तेच. २००० साली आलेल्या आयईईई १४७१ या प्रमाणकानं एक साधी पण दूरगामी गोष्ट सांगितली: आर्किटेक्चरचं वर्णन कुणासाठी आणि त्याच्या कोणत्या प्रश्नासाठी आहे, हे आधी ठरवा, चित्र कसं काढायचं ते त्यानंतर. हा विचार पुढे आयएसओ ४२०१० या आंतरराष्ट्रीय प्रमाणकात आला. दोन प्रवाहांचा संगम याच मुद्द्यावर झाला.

म्युनिकचा संग्रह

हा संगम घडवून आणण्याचं श्रेय म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठातल्या प्रा. फ्लोरियन माथेस यांच्या गटाकडे जातं. या गटानं आधी ‘सॉफ्टवेअर नकाशाशास्त्र’ या विषयावर काम केलं होतं. कंपन्यांच्या भिंतींवर टांगलेल्या अ‍ॅप्लिकेशन्सच्या चित्रांचा अभ्यास करताना त्यांना दिसलं की वरवर वेगळी वाटणारी चित्रं थोड्याच प्रकारांत मोडतात. एका प्रकारात अ‍ॅप्लिकेशन्स विभागांच्या किंवा ठिकाणांच्या चौकटींत बसवलेली असतात. दुसऱ्यात आडव्या अक्षावर व्यवसायाच्या प्रक्रिया, उभ्या अक्षावर विभाग, आणि प्रत्येक घरात त्या विभागात त्या प्रक्रियेला आधार देणारं अ‍ॅप्लिकेशन असतं. तिसऱ्यात काळाच्या पट्टीवर प्रत्येक अ‍ॅप्लिकेशनचा जन्म, वापर आणि निवृत्ती दाखवलेली असते.

या निरीक्षणातून २००८ साली एंटरप्राइझ आर्किटेक्चर मॅनेजमेंटच्या पॅटर्नचा संग्रह प्रसिद्ध झाला. सबिने बुकल, अलेक्झांडर अर्न्स्ट, योसेफ लांकेस आणि माथेस यांचं हे काम. सुधारित दुसरी आवृत्ती २०१५ साली आली. संग्रहाची सुरुवात प्रश्नांच्या यादीनं होते. प्रत्येक प्रश्नाशी तीन तऱ्हांचे पॅटर्न जोडलेले असतात. कार्यपद्धतीचे पॅटर्न कोणी, केव्हा, कोणत्या टप्प्यांत काय करायचं ते सांगतात. दृश्यांचे पॅटर्न माहिती कोणत्या तऱ्हेच्या चित्रात किंवा तक्त्यात दाखवायची ते सांगतात. माहितीरचनेचे पॅटर्न त्या चित्रासाठी कोणती माहिती, कोणत्या संबंधांसह साठवावी लागेल ते सांगतात.

या तिसऱ्या प्रकाराचं महत्त्व चटकन ध्यानात येत नाही. वरच्या दुसऱ्या प्रकारचा नकाशा घेऊ. आडव्या अक्षावर ‘गृहकर्ज मंजुरी’, उभ्या अक्षावर विलीन झालेल्या तीन बँकांचे विभाग. एखाद्या चमूनं माहितीच्या साठ्यात दोन वेगळे संबंध नोंदवले: हे अ‍ॅप्लिकेशन या प्रक्रियेला आधार देतं, आणि हे अ‍ॅप्लिकेशन हा विभाग वापरतो. वाटतं की एवढ्यावर नकाशा निघेल. तो निघत नाही. समजा, एक अ‍ॅप्लिकेशन गृहकर्ज आणि वाहनकर्ज या दोन्हींना आधार देतं आणि दोन विभाग ते वापरतात. पण एक विभाग ते फक्त वाहनकर्जासाठी वापरत असेल, तर हे कुठेच नोंदलेलं नाही. नकाशा त्या विभागाच्या गृहकर्जाच्या घरातही तेच अ‍ॅप्लिकेशन दाखवेल, आणि त्यावर विसंबून गृहकर्जाची दुसरी प्रणाली बंद केली तर त्या विभागाचं कामच थांबेल. प्रक्रिया, विभाग आणि अ‍ॅप्लिकेशन या तिघांना एकत्र बांधणारी एकच नोंद लागते. माहितीरचनेचा पॅटर्न हे आधीच सांगून ठेवतो. ज्यांनी शेकडो अ‍ॅप्लिकेशन्सची माहिती वर्षभर गोळा करून शेवटी हवा तो प्रश्न विचारता येत नाही असं पाहिलं आहे, त्यांना या एका सूचनेचं मोल कळेल.

पॅटर्नची दुसरी ताकद म्हणजे त्यातली परिणामांची नोंद. तीन बाजूंना बांधणारी माहिती गोळा करणं महाग असतं. विभागप्रमुखांना पुन्हा पुन्हा विचारावं लागतं. विभागांची फेररचना झाली की नोंदी शिळ्या होतात. चांगला पॅटर्न उत्तराबरोबर ही किंमतही सांगतो. प्रश्न तेवढा महत्त्वाचा नसेल तर स्वस्तातला पॅटर्न निवडा, असं म्हणण्याची मुभा त्यामुळे मिळते.

आजच्या भूमिका

पहिली भूमिका संपूर्ण चौकटीची. टोगॅफसारख्या चौकटींचे समर्थक म्हणतात की सुटे पॅटर्न वापरले तर संस्थेचं समग्र चित्र हरवतं. आर्किटेक्चर विकसित करण्याचं एक पूर्ण चक्र, त्याचे टप्पे, भूमिका आणि शासनव्यवस्था एकत्र आली तरच काम टिकतं. शिवाय सगळ्यांची परिभाषा एक राहते. पुण्यातला आर्किटेक्ट उद्या फ्रँकफर्टच्या ग्राहकाशी बोलताना त्याच संज्ञा वापरू शकतो. या भूमिकेत तथ्य आहे. तिच्यावरचा नेहमीचा आक्षेप असा की चौकट सगळं सांगते आणि कुठून सुरुवात करायची ते सांगत नाही. चौकटींनाही हे मान्य आहे. आपल्या गरजेप्रमाणे काटछाट करा असं टोगॅफ स्वतःच सांगतं. पण ही काटछाट कशी करायची, हा निर्णय मोठ्या प्रमाणात वापरणाऱ्याच्या अनुभवावर सोडलेला असतो.

दुसरी भूमिका पॅटर्नची. सुरुवात प्रश्नापासून करा. ज्या प्रश्नाचं उत्तर वरिष्ठांना खरोखर हवं आहे तेवढ्यापुरतंच काम करा, तेवढीच माहिती गोळा करा; उपयोग दिसला की पुढचा प्रश्न घ्या. आर्किटेक्टच्या चमूवर ‘दोन वर्षं चित्रं काढत बसलात, हाती काय आलं’ हा आरोप होण्याआधी काहीतरी उपयोगी हाती पडतं, हे या मार्गाचं बळ. सुट्या प्रश्नांची सुटी उत्तरं हळूहळू एकमेकांपासून फटकतात, ही त्याची दुबळी बाजू.

तिसरी भूमिका याच दुबळ्या बाजूतून आली, आणि ती पॅटर्नवाल्यांच्याच घरातून आली. बुकल आणि ख्रिस्टियान श्वेडा यांनी पुढे पॅटर्नमधून छोटे, परस्परांशी जुळणारे घटक काढून त्यांतून एखाद्या संस्थेसाठी स्वतंत्र पद्धत बांधण्याचा आराखडा मांडला. संस्थेचा आकार, संस्कृती, केंद्रीकरण यांनुसार घटक निवडायचे आणि ते जुळतात की नाही हे नियमांनी तपासायचं. कल्पना सुबक आहे. पण अशी निवड करायला पद्धतींची बांधणी जाणणारा माणूस लागतो, आणि तो प्रत्येक संस्थेत नसतो.

चौथी भूमिका उद्योगनिहाय संदर्भ-आराखड्यांची. बँकिंगसाठी २००८ साली स्थापन झालेलं बियान हे जाळं किंवा दूरसंचारासाठी टीएम फोरम यांनी त्या उद्योगातली कामं आणि सेवा यांचे तपशीलवार आराखडे तयार केले आहेत. बँक कोणतीही असो, ठेवी, कर्ज, देयक, ग्राहकाची ओळख हे कप्पे असणारच. मग त्यांची नावं आणि सीमा प्रत्येकानं नव्यानं का ठरवायच्या? हे पुनर्वापराचं निराळं रूप आहे. पॅटर्न ‘अशा प्रश्नाला असं भिडा’ असं सांगतो, तर संदर्भ-आराखडा ‘तुमच्या उद्योगात साधारण हे असतं’ असं सांगतो. दोन्ही एकमेकांना पूरक ठरू शकतात, पण दोघांची गल्लत झाली की संस्था आपला खरा प्रश्न न विचारताच तयार चित्रात आपली अ‍ॅप्लिकेशन्स भरू लागते.

पाचवी भूमिका संशयाची. स्व्यातोस्लाव कोतुसेव्ह यांनी गेल्या दशकात सातत्यानं दाखवण्याचा प्रयत्न केला की यशस्वी संस्थांमध्ये प्रत्यक्ष चालणारं काम चौकटींच्या पुस्तकी वर्णनाशी फारसं जुळत नाही. २०१८ सालच्या त्यांच्या पुस्तकात प्रत्यक्ष वापरातल्या कागदपत्रांचे सहा प्रकार आहेत, आणि प्रत्येकाचं मूल्य कोणाशी संवाद साधायला तो उपयोगी पडतो यावर ठरतं. त्यांचा रोख प्रामुख्यानं चौकटींवर आहे. पण त्यातून पॅटर्नवाल्यांनाही एक प्रश्न विचारला जातो: तुमच्या संग्रहातले पॅटर्न प्रत्यक्षात घडणारं टिपतात, की घडावं असं वाटणारं? दुसरीकडे एक योगायोग लक्षात घ्यावा लागतो. प्रत्यक्ष व्यवहारात पुन्हा पुन्हा दिसणारे प्रकार शोधून, त्यांचा उपयोग आणि मर्यादा नोंदवणं, हे कोतुसेव्ह यांचं काम पॅटर्न शोधणाऱ्यांच्या कामापासून फार दूर नाही.

भारतातला अनुभव

भारतात या चर्चेला सरकारी बाजूनं वजन आलं. इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयानं २०१८ साली ‘इंडिया’ ही राष्ट्रीय एंटरप्राइझ आर्किटेक्चर चौकट प्रसिद्ध केली. टोगॅफचा पाया घेतलेल्या या चौकटीत कामगिरी, व्यवसाय, अ‍ॅप्लिकेशन, माहिती, तंत्रज्ञान, एकत्रीकरण, सुरक्षा आणि शासनव्यवस्था असे आठ संदर्भ-आराखडे आहेत. नागरिकाला एकेका खात्याचे उंबरे झिजवायला न लावता सरकार एकसंध दिसावं, हा तिचा उद्देश. २०२२ साली चर्चेसाठी ठेवलेल्या पुढच्या आवृत्तीत भर एका संस्थेवरून अनेक संस्थांच्या परिसंस्थेकडे सरकला.

त्याच सुमारास पुनर्वापराचं तिसरं रूप भारतातून पुढे आलं: तयार मंच. आधार क्रमांक पहिल्यांदा दिला गेला तो २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत. त्या अनुभवानंतर बंगळुरूच्या आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्थेत २०१८ पासून मोसिप हा ओळख प्रणालीचा मुक्त स्रोत मंच विकसित झाला आणि फिलिपाइन्स, मोरोक्को अशा देशांनी तो स्वीकारला. इथे पुन्हा वापरला जातो तो चालणारा सॉफ्टवेअर घटक. त्यामुळे वेग येतो. पण मंचाच्या पोटात काही निर्णय आधीच घेतलेले असतात: माहिती कुठे साठवायची, कोणाला काय दिसायचं, ओळख पटली नाही तर काय करायचं. पॅटर्न हे निर्णय त्यांच्या कारणांसह उघडे ठेवतो आणि घेणाऱ्याला ते बदलू देतो. मंच ते घेऊन मोकळा होतो. देशाच्या पातळीवर यातलं कोणतं रूप कुठे योग्य, हा प्रश्न तांत्रिक आहे तितकाच लोकशाहीचाही आहे.

महाराष्ट्राचा या विषयाशी संबंध मुख्यतः कामातून येतो. पुण्यातल्या आणि मुंबईतल्या सॉफ्टवेअर कंपन्यांतले हजारो लोक युरोप-अमेरिकेतल्या बँकांच्या आणि विमा कंपन्यांच्या जुन्या प्रणाली सांभाळतात, बदलतात, विलीन करतात. एकाच प्रकारचा प्रश्न वेगवेगळ्या ग्राहकांकडे पुन्हा पुन्हा पाहण्याची जी संधी एखाद्या बँकेतल्या आर्किटेक्टला आयुष्यात एकदा-दोनदा मिळते, ती यांना वारंवार मिळते. पॅटर्न शोधायला याहून चांगली जागा नाही. हे ज्ञान बहुतेक वेळा कराराच्या गोपनीयतेत आणि कंपनीच्या आतल्या साठ्यात राहतं, उघड साहित्यात येत नाही. ही मोठी हानी आहे असं मला मनापासून वाटतं. संशोधनाच्या बाजूनं मात्र पुण्याचं नाव आहे. १९८१ साली स्थापन झालेल्या टाटा संशोधन विकास व आरेखन केंद्रानं मॉडेलवर आधारलेल्या सॉफ्टवेअर निर्मितीवर दीर्घकाळ काम केलं, आणि पुढे तिथून संस्थेचंच अनुकरण संगणकावर चालवून निर्णयांचे परिणाम आधी तपासण्याच्या दिशेनं संशोधन झालं.

न सुटलेले प्रश्न

पहिला प्रश्न जोडणीचा. काळाच्या पट्टीचा नकाशा काढायचा तर प्रत्येक अ‍ॅप्लिकेशनच्या आवृत्त्या आणि त्यांच्या तारखा लागतात. प्रक्रियांच्या नकाशाला आवृत्तीशी देणंघेणं नसतं. त्याला ‘अ‍ॅप्लिकेशन’ हा एकच घटक पुरतो. ठिकाणांच्या नकाशाला तेच अ‍ॅप्लिकेशन मुंबईत वेगळं आणि चेन्नईत वेगळं बसवलेलं असेल तर दोन नोंदी लागतात. तिन्ही पॅटर्न आपापल्या जागी बरोबर आहेत, पण तिघांचं ‘अ‍ॅप्लिकेशन’ एक नाही. एकत्र आणताना कोणीतरी बसून हा गुंता सोडवावा लागतो. अलेक्झांडर यांच्या पुस्तकात पॅटर्न एकमेकांत गुंफलेले होते; इथे ती गुंफण अजून बरीचशी वापरणाऱ्याच्या हातात आहे.

दुसरा, आणि माझ्या मते सगळ्यात गंभीर प्रश्न पुराव्याचा. पॅटर्न समुदायात एक संकेत आहे: तीन वेगळ्या ठिकाणी वापर दिसल्याशिवाय त्याला पॅटर्न म्हणू नये. हा संकेत लहरी कल्पना रोखतो. पण तीन ठिकाणी वापर झाला यावरून तो वापर झाला एवढंच सिद्ध होतं; त्यानं भलं झालं हे सिद्ध होत नाही. ज्या संस्थांनी तो वापरून सोडून दिला त्यांची गणती कुठेच होत नाही. मुळात एंटरप्राइझ आर्किटेक्चरच्या फायद्यांबद्दलच्या दाव्यांचीही हीच अवस्था आहे. २०११ साली टूमास टाम आणि सहकाऱ्यांनी या साहित्याचा आढावा घेतला तेव्हा दावे भरपूर आणि त्यांना आधार देणारा अनुभवजन्य पुरावा तुटपुंजा असं चित्र दिसलं. म्युनिकच्या गटानं २०१३ साली पॅटर्नवर आधारित संशोधनाची एक पद्धत मांडली. तीत निरीक्षणातून पॅटर्न, पॅटर्नमधून उपाय, उपायाचं मूल्यमापन, आणि त्यातून पुन्हा पॅटर्नमध्ये दुरुस्ती असं चक्र आहे. चक्राचा पहिला अर्धा भाग आज बऱ्यापैकी फिरतो. मूल्यमापन आणि दुरुस्ती हा दुसरा अर्धा भाग अजून अडखळतो, कारण त्यासाठी एका संस्थेकडे कित्येक वर्षं पाहत राहावं लागतं.

अपयशाची नोंद करण्याची परंपरा या क्षेत्रात अगदीच नाही असंही नाही. १९९८ साली चार लेखकांनी मिळून ‘अँटीपॅटर्न्स’ हे पुस्तक लिहिलं. त्यात एकमेकांशी न बोलणाऱ्या, आपापल्या विभागात बंदिस्त प्रणालींनी भरलेल्या संस्थेचं वर्णन एक अँटीपॅटर्न म्हणून आहे, लक्षणं, कारणं आणि सुटकेच्या वाटेसह. संस्थेच्या पातळीवरच्या पॅटर्नसंग्रहांनी हा धागा मात्र फारसा पुढे नेला नाही.

तिसरा प्रश्न माणसांचा. चित्र कसं काढायचं आणि माहिती कशी साठवायची याबाबत पॅटर्न अचूक असतात. पण आपल्या विभागाचं अ‍ॅप्लिकेशन बंद होणार हे दिसल्यावर विभागप्रमुख माहिती द्यायला टाळाटाळ करतो, तेव्हा काय करायचं? प्रमाणकातून सूट मागणाऱ्याला कोणी आणि कशाच्या आधारावर नाही म्हणायचं? कार्यपद्धतीचे पॅटर्न यावर बोलतात, पण बेतानं. जीन रॉस, पीटर वाइल आणि डेव्हिड रॉबर्टसन यांनी २००६ सालच्या पुस्तकात दाखवलं होतं की किती प्रमाणीकरण आणि किती एकत्रीकरण हवं हा निर्णय मुळात व्यवसायाच्या प्रमुखांचा असतो. तो झालेला नसेल तर आर्किटेक्टकडचा उत्तम पॅटर्नही अधांतरी राहतो.

चौथा प्रश्न ताजेपणाचा. संग्रह एकदा छापला की थांबतो. तंत्रज्ञान थांबत नाही. क्लाउड, मायक्रोसर्व्हिसेस, आठवड्याला बदलणारी सॉफ्टवेअर यांत अ‍ॅप्लिकेशनची सीमाच धूसर झाली आहे. आर्किटेक्चरची माहिती माणसांना विचारून भरण्याऐवजी चालत्या प्रणालींतून आपोआप गोळा करण्याचे प्रयत्न बराच काळ सुरू आहेत. तांत्रिक माहिती अशी मिळते, पण ‘हे अ‍ॅप्लिकेशन कोणत्या व्यवसायासाठी आहे’ हे यंत्राला अजूनही माणसानंच सांगावं लागतं. आता भाषिक मॉडेल्स दस्तऐवज वाचून आराखड्याचा मसुदा करून देतात, प्रश्न सांगितला तर पॅटर्नही सुचवतात. मदत मोठी आहे, धोका नेमका पॅटर्नच्या मर्माशी आहे. उत्तर चटकन मिळतं, पण ते कोणत्या परिस्थितीत लागू नाही ही अट सहज गळून पडते.

आज आपण कुठे आहोत

चौकट की पॅटर्न, हा वाद आता पूर्वीसारखा धगधगता राहिलेला नाही. बहुतेक अनुभवी आर्किटेक्ट चौकटीतून परिभाषा घेतात, संदर्भ-आराखड्यातून कप्पे घेतात आणि एकेका प्रश्नाला भिडताना पॅटर्नसारखा विचार करतात, मग ते त्याला काहीही म्हणोत. सहमती एवढी नक्की झाली आहे की सुरुवात कोणाच्या तरी खऱ्या प्रश्नापासून व्हावी, आणि माहिती तेवढीच गोळा करावी जेवढी त्या प्रश्नाला लागते.

पॅटर्नची किंमत काय यावर मात्र मतं पक्की व्हायची आहेत. अलेक्झांडर १९९६ साली सॅन होजे इथल्या परिषदेत सॉफ्टवेअरच्या लोकांसमोर बोलले. तुमच्या पॅटर्नमुळे तयार होणारी गोष्ट खरंच अधिक चांगली होते का, त्यातून जगणाऱ्यांचं जगणं सुधारतं का, असं त्यांनी कळकळीनं विचारलं. स्वतःच्या कामाबद्दलही त्यांनी तोच प्रश्न लावून धरला, आणि पुढच्या चार खंडांच्या ग्रंथात पॅटर्नच्या पलीकडे जाण्याचा प्रयत्न केला. संस्थांच्या आर्किटेक्चरमध्ये हा प्रश्न अजून पुरेशा गांभीर्यानं विचारला गेलेला नाही.

तो विचारायचा तर मार्ग दिसतो आहे. संग्रहातल्या प्रत्येक पॅटर्नखाली वापराच्या यादीबरोबर दोन नोंदी हव्यात: कुठे तो वापरून सोडून दिला आणि का, आणि ज्यांनी ठेवला त्यांना काही वर्षांनी त्याची काय किंमत पडली. खासगी कंपन्या हे सहजी उघड करणार नाहीत. सरकारी प्रकल्प आणि सरकारी बँका जनतेच्या पैशावर उभ्या आहेत. त्यांच्या मोठ्या एकत्रीकरणांचे अनुभव नावं आणि गोपनीय तपशील वगळून प्रसिद्ध करता येतील, आणि विद्यापीठांना ते अभ्यासता येतील. असं झालं तर पुढच्या संस्थेला उत्तराबरोबर त्या उत्तराचा हिशेबही मिळेल. एखादा पॅटर्न आपल्यासाठी नाही हे वेळेत कळणं हासुद्धा त्या संग्रहाचा पूर्ण उपयोग आहे, आणि नोंदीअभावी आज नेमका तोच घेता येत नाही.